आकाशमार्गातील शुश्रूषा
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी परिचर्येचा, आणि त्यातही विमानातून रुग्ण नेणाऱ्या परिचारिकेचा विषय काहींना अनपेक्षित वाटेल. परंतु धर्मादाय संस्था आणि रुग्णवाहिका यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. गावोगावच्या ट्रस्टच्या आवारात एक पांढरी गाडी उभी असते आणि तिच्या दारावर दात्याच्या दिवंगत माता-पित्यांचे नाव सुवाच्य अक्षरांत रंगवलेले असते. हे उचितच आहे. मात्र त्या गाडीत रुग्णाच्या उशाशी कोण बसते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. बहुतेक वेळा तेथे रुग्णाचा घाबरलेला भाऊ किंवा मुलगा बसलेला असतो. प्रस्तुत विवेचन त्या उशाजवळच्या आसनाविषयी आहे. त्या आसनाचे मोल जगाला नीट कळले ते विमानात; म्हणून विषयाचा आरंभ आकाशातून.

जानेवारी १९४३. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. कराची तेव्हा अखंड हिंदुस्थानात होती. सिंध प्रांत मुंबई इलाख्यातून वेगळा होऊन पुरती सात वर्षेही झाली नव्हती. तेथे अमेरिकी सैन्याच्या सेवेत एल्सी ऑट नावाची एक परिचारिका होती. हुद्दा सेकंड लेफ्टनंटचा, वय तिशीच्या आतले, परिचर्येचे शिक्षण न्यूयॉर्कमध्ये झालेले. एके दिवशी तिला सांगण्यात आले, की पाच गंभीर रुग्णांना विमानाने वॉशिंग्टनला न्यायचे आहे आणि निघायला चोवीस तास आहेत. एल्सी ऑट त्यापूर्वी कधी विमानात बसलेली नव्हती. बरोबर डॉक्टर नव्हता. मदतीला दिलेल्या सैनिकाला वैद्यकीय कामाचा गंध नव्हता. रुग्णांपैकी काहींचे कमरेखालचे अंग लुळे पडलेले, एकाला क्षय, एकाचे मन ताळ्यावर नाही. विमानात प्रथमोपचाराची पेटी, चादरी, उशा आणि पांघरुणे एवढाच सरंजाम होता.

१७ जानेवारीला विमान उडाले. अरबस्तान, आफ्रिका खंड, अटलांटिक महासागर असे टप्पे घेत सुमारे साडेसहा दिवसांनी ते रुग्ण अमेरिकेच्या राजधानीत पोहोचले. हाच प्रवास जहाजाने तीन महिन्यांचा होता. ज्याचे कमरेखालचे अंग बधिर आहे, अशा माणसाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवले नाही, तर दोन दिवसांतही पाठीला व्रण पडू लागतात. त्याला स्वतःला ते कळत नाही, कारण वेदनाच नसते. दुसऱ्या कोणीतरी लक्षात ठेवावे लागते. साडेसहा दिवस, डुलणाऱ्या विमानात, पाच रुग्णांचे हे लक्षात ठेवणे एका व्यक्तीकडे होते. त्या वर्षी तिला ‘एअर मेडल’ हे पदक देण्यात आले. ते मिळवणारी ती पहिली स्त्री होय.

पदकाची हकीकत एवढ्यासाठी नाही. प्रवास संपल्यावर तिने जो अहवाल दिला, तो अधिक मोलाचा आहे. विमानात प्राणवायू हवा, जखमा बांधण्याचे साहित्य जास्त हवे, पांघरुणे आणखी हवीत, कॉफीही जास्त हवी, असे तिने कळवले. आणि झगा घालून हे काम करणे व्यवहार्य नाही, हेही स्पष्ट लिहिले. कॉफीचा उल्लेख ऐकून कोणाला हसू येईल. परंतु ज्याने आजाऱ्याच्या उशाशी सलग तीन रात्री काढल्या आहेत, त्याला येणार नाही. अधिकाऱ्यांनी तिला विमानात बसवले होते ते रुग्ण पोहोचवण्यासाठी. तिने परत येताना पुढच्या शेकडो परिचारिकांसाठी सामानाची यादी आणली.

त्याच सुमारास अमेरिकेतील केंटकी राज्यात बोमन फील्ड येथे उड्डाण-परिचारिकांचे रीतसर प्रशिक्षण सुरू झाले होते. पहिली तुकडी १८ फेब्रुवारी १९४३ रोजी उत्तीर्ण झाली. समारंभाला आलेल्या जनरल डेव्हिड ग्रँट यांच्या ध्यानात आले, की या परिचारिकांसाठी बिल्ला तयार करायचा राहूनच गेला आहे. तेव्हा त्यांनी स्वतःच्या गणवेशावरचा उड्डाण-वैद्यकाचा बिल्ला काढून गुणानुक्रमे अग्रेसर असलेल्या जेराल्डिन डिश्रून यांच्या गणवेशावर लावला. पुढे ऑट हिनेही हे प्रशिक्षण घेतले. जे काम स्वतः आधी करून दाखवले, ते नंतर विद्यार्थिनी होऊन शिकण्यात तिला कमीपणा वाटला नाही.

अमेरिकी सैन्याच्या नोंदीनुसार त्या महायुद्धात ११,७६,०४८ रुग्ण विमानाने हलवले गेले आणि वाटेत दगावले अवघे ४६. सुमारे पाचशे परिचारिकांनी हे काम केले. त्यांतील सतरा जणींनी प्राण गमावले. पहिला आकडा ऐकून थक्क व्हायला होते, तरी तो जपून वाचला पाहिजे. उड्डाण सोसेल अशाच रुग्णांची निवड केली जात असे, आणि ‘हा रुग्ण आज नेण्याजोगा नाही’ हे ओळखणे हाच या विद्येचा पहिला धडा आहे.

परिचारिका आणि विमान यांची गाठ त्याहीपूर्वी, आणि जरा विचित्र रीतीने पडली होती. एलेन चर्च ही अमेरिकेतील परिचारिका विमान चालवायला शिकली होती आणि तिला वैमानिक व्हायचे होते. विमान कंपनीने स्त्रीला वैमानिक म्हणून घेण्याचे नाकारले. तेव्हा तिने सुचवले, की लोकांना विमानाची भीती वाटते, तर विमानात परिचारिका ठेवा. १५ मे १९३० रोजी ती जगातील पहिली हवाई परिचारिका म्हणून उडाली. आज ज्यांना आपण एअर होस्टेस म्हणून ओळखतो, त्यांची ती पूर्वज. आरंभीच्या आठही जणी शिक्षित परिचारिका होत्या. युद्ध आले तेव्हा एलेन सैन्यात दाखल झाली आणि जखमींना विमानातून नेऊ लागली. ‘एअर मेडल’ तिलाही मिळाले. दार नाकारले गेले, तर खिडकीतून आत जाण्याची ही परंपरा या व्यवसायात पुष्कळ आढळते.

परंतु कोणीही परिचारिका एकदम विमानात चढत नाही. तिचा मार्ग दोन ठिकाणांहून जातो: अपघात विभाग आणि अतिदक्षता विभाग. दोन्ही ठिकाणी शिकायच्या गोष्टी निराळ्या आहेत. पहिल्यात क्षणाचा निर्णय, दुसऱ्यात तासन्‌तासांची जागरूकता.

अतिदक्षता विभाग ही कल्पनाही फार जुनी नाही. १९५२ मध्ये कोपनहेगन शहरात पोलिओची भीषण साथ आली. श्वास घेण्याचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना बियर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सूचनेवरून श्वासनलिकेत नळी घालून, हाताने रबरी पिशवी दाबून श्वास दिला जाऊ लागला. ती पिशवी दाबायला वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने अहोरात्र बसत. यंत्रे नंतर आली. आधी माणसाचा हात होता. पुढे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी हृदयरुग्णांच्या विभागात एक मोठे पाऊल उचलले. हृदयाचा ठोका विस्कटला, तर विजेचा झटका देण्यासाठी डॉक्टर येईपर्यंत थांबायचे नाही. आलेख वाचून परिचारिकेनेच तो द्यायचा. त्या काळी ही गोष्ट सहज मान्य होण्याजोगी नव्हती. पण हृदय थांबल्यावर मेंदूला मिळणारी मुदत मोजक्या मिनिटांची असते, आणि त्या मिनिटांत खाटेपाशी असते ती परिचारिकाच.

अपघात विभागाची एक लहानशी गोष्ट सांगण्याजोगी आहे. बफेलो येथील परिचारिका अॅनिटा डॉर यांच्या लक्षात आले, की रुग्णाचे प्राण कंठाशी आलेले असताना कर्मचारी मात्र इंजेक्शन एका कपाटातून, नळी दुसऱ्या कपाटातून शोधण्यात वेळ घालवत आहेत. १९६७ च्या सुमारास त्यांनी आवश्यक वस्तूंची यादी केली आणि घराच्या तळघरात पतीच्या मदतीने चाकांची एक लाकडी गाडी बनवून तिला लाल रंग दिला. आज प्रत्येक रुग्णालयात जी ‘क्रॅश कार्ट’ दिसते, तिची ही जन्मकथा. १९७० मध्ये त्यांनी आणि ज्युडिथ केलेहर यांनी तातडीच्या सेवेतील परिचारिकांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, डेन्व्हर येथील सेंट अँथनी रुग्णालयाने स्वतःचे हेलिकॉप्टर ठेवून नागरी रुग्णांसाठी हवाई सेवा सुरू केली आणि त्यात अपघात व अतिदक्षता विभागांत तयार झालेल्या परिचारिका बसू लागल्या.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जमिनीवर जी शुश्रूषा चालते, तीच वर चालत नाही का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे उत्तर वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला गेलेल्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते. खाली घेतलेले वेफर्सचे पाकीट वर जाईपर्यंत टम्म फुगलेले असते. उंची वाढली, की हवेचा दाब घटतो आणि बंद जागेतला वायू प्रसरण पावतो. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर. विमान कितीही उंच उडो, आतल्या हवेचा दाब साधारणतः १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. म्हणजे महाबळेश्वरहूनही बराच वर. या वरच्या मर्यादेला बंदिस्त वायूचे आकारमान सुमारे एक तृतीयांशाने वाढते.

वेफर्सच्या पाकिटाच्या जागी आता माणसाचे शरीर आणावे. अपघातात बरगडी मोडून फुप्फुसाबाहेर, छातीच्या पोकळीत थोडी हवा साठली असेल, तर जमिनीवर ती निभावून जाऊ शकते. वर गेल्यावर तीच हवा वाढून फुप्फुसाला आणि हृदयाला दाबू लागते. म्हणून छातीत नळी घालायची ती उड्डाणापूर्वी. श्वासनलिकेतल्या नळीच्या टोकाशी एक लहान फुगा असतो; तो फुगला, तर श्वासनलिकेच्या आतल्या नाजूक त्वचेला इजा होते, आणि उतरताना आकसला, तर बाजूने हवा निसटते. परिचारिका चढताना एकदा आणि उतरताना पुन्हा त्याचा दाब मोजते. काही रुग्णांसाठी वैमानिकाला कमी उंचीवरून उडण्याची विनंती करावी लागते. मग इंधन जास्त लागते आणि हेलकावेही जास्त बसतात. पाठीला दुखापत झालेल्या रुग्णाला हेलकावे बरे की मेंदूत हवा शिरलेल्याला उंची बरी, अशी तुलना पुस्तकात सोपी असते.

आवाजामुळे स्टेथोस्कोप निरुपयोगी ठरतो. छातीच्या दोन्ही बाजू सारख्या वर-खाली होतात का, हे डोळ्यांनी पाहावे लागते. त्वचा गार पडली का, हे हाताच्या पाठीने. पडद्यावरचे आकडे कंपनामुळे फसवे असू शकतात. जमिनीवर कोरडी असलेली मलमपट्टी वर ओली होते का, नळीला पीळ पडला का, हे अंधुक उजेडात, पट्ट्याने बांधलेल्या अवस्थेत, दोन वीत जागेत पाहायचे. आणि जे बिघडेल, ते तिथेच सुधारायचे. कोणाला हाक मारून बोलावण्याची सोय नाही.

प्राणवायूचा हिशेब हा तर या कामाचा कणा. रुग्णाला दर मिनिटाला दहा लिटर प्राणवायू लागतो आणि उड्डाण दोन तासांचे आहे, तर १,२०० लिटर पुरेल, असे नवख्याला वाटते. जाणकार परिचारिका वेळ मोजते ती खाटेपासून खाटेपर्यंत. रुग्णालयातून विमानतळ, विमानात चढवणे, उड्डाणाची परवानगी, उड्डाण, उतरणे, शहरातली वाहतूक, आणि पलीकडच्या रुग्णालयाची लिफ्ट. हे सारे मिळून चार तास होतात. म्हणजे २,४०० लिटर. त्यावर विलंबासाठी तेवढाच साठा राखून ठेवायचा. आपल्याकडचा ‘बी टाइप’ सिलिंडर सुमारे दीड हजार लिटरचा. तेव्हा एकाने भागत नाही, दोघांनी नाही, तिघांनीही नाही. ट्रस्टच्या रुग्णवाहिकेतून जिल्ह्याच्या गावाहून पुण्या-मुंबईला रुग्ण जातो, तेव्हाही गणित हेच असते. घाटात वाहतूक खोळंबल्यावर हे गणित शिकण्याची पाळी येऊ नये.

या व्यवसायाचा धोका लपवून ठेवणे योग्य नव्हे. अमेरिकेत हेलिकॉप्टर रुग्णसेवेच्या दृष्टीने २००८ हे वर्ष अत्यंत वाईट ठरले. आठ प्राणघातक अपघातांत २९ जण मृत्युमुखी पडले. एक कारण असे पुढे आले, की रुग्ण लहान मूल आहे किंवा अत्यवस्थ आहे हे कळल्यावर वैमानिक वाईट हवामानातही उड्डाणाला राजी होतो. करुणा इथे घातक ठरते. म्हणून चांगल्या सेवांत वैमानिकाला आधी फक्त ठिकाण सांगतात. हवामान पाहून त्याने होकार दिल्यावरच रुग्णाची हकीकत पुढे जाते. आणि दुसरा नियम असा, की जायचे तर सर्वांचा होकार हवा, थांबायचे तर एकाचा नकार पुरे. तो नकार परिचारिकेचाही असू शकतो, आणि त्याचे कारण तिला कोणी विचारत बसत नाही.

भारतात चित्र काय आहे? मोठ्या शहरांतून खासगी हवाई रुग्णवाहिका बऱ्याच वर्षांपासून उडत आहेत. त्यांचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. ऋषीकेशच्या एम्समध्ये ‘संजीवनी’ ही हेलिकॉप्टर सेवा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. १७ मे २०२५ रोजी एका रुग्णाला आणण्यासाठी जात असताना ते हेलिकॉप्टर केदारनाथला उतरताना अपघातग्रस्त झाले. सुदैवाने वैमानिक, डॉक्टर आणि परिचर्या कर्मचारी तिघेही वाचले. साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवरची ती जागा. त्या तिघांतील वैमानिकाचे आणि डॉक्टरांचे कौतुक आपण आपोआप करतो. तिसऱ्या व्यक्तीकडे लक्ष जायला थोडा वेळ लागतो.

रस्त्यावरची १०८ क्रमांकाची सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली, आणि तिने पुष्कळ प्राण वाचवले आहेत. तरीही प्रशिक्षित परिचर्येची गरज त्याहून मोठी आहे. मार्ग अवघड नाही, लांब मात्र आहे. बारावीनंतर तीन वर्षांचा जी.एन.एम. किंवा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम, नोंदणी, प्रत्यक्ष खाटेपाशी काम, मग अतिदक्षता परिचर्या किंवा तातडीची व आपत्तीकालीन परिचर्या यांतील एक वर्षाची पदविका. अतिदक्षता परिचर्येत दोन वर्षांचा पदव्युत्तर ‘नर्स प्रॅक्टिशनर’ अभ्यासक्रमही उपलब्ध झाला आहे. हवेतील कामाचे शिक्षण त्यानंतरचे. मुलांनाही हे सारे खुले आहे. वॉर्डातल्या ‘ब्रदर’ची गरज रुग्ण उचलताना सर्वांनाच कळते.

येथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. वैयावृत्त्य, म्हणजे रुग्णाची आणि असमर्थाची सेवा, आपल्या परंपरेने आभ्यंतर तपात गणली आहे. साधु-साध्वींच्या आजारपणात श्राविका रात्र-रात्र जागतात, हे सर्वांनी पाहिले आहे. त्याच घरातली मुलगी ‘मला नर्स व्हायचे आहे’ असे म्हणाली, तर मात्र घरात शांतता पसरते. रात्रपाळी, परक्या माणसांची शरीरे, रक्त, आणि पुढे स्थळे येतील का, ही काळजी. डॉक्टर होणार म्हटली असती, तर यातले पहिले तीन प्रश्न कोणी विचारलेच नसते. आईवडिलांची काळजी खोटी नाही. परंतु ती तपासून पाहण्याजोगी नक्कीच आहे. आणि ज्या दिवशी आपल्याच घरातले माणूस अतिदक्षता विभागात असते, त्या दिवशी त्या सिस्टरच्या चेहऱ्याकडे आपण किती आशेने पाहतो, हेही आठवून पाहावे.

ऑस्ट्रेलियात क्लॉनकरी येथून १७ मे १९२८ रोजी जगातील पहिली ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवा सुरू झाली, तिला ह्यू मॅके या उद्योजकाने मृत्युपत्रात ठेवलेल्या देणगीचा आधार होता. विमान भाड्याने घेतले गेले, वैमानिक मिळाला, डॉक्टर मिळाले. परिचारिका त्यात नियमितपणे जाऊ लागल्या त्या पुष्कळ वर्षांनी. आज त्या विस्तीर्ण देशातील कित्येक उड्डाणांत रुग्णाबरोबर फक्त वैमानिक आणि एक उड्डाण-परिचारिका असते, आणि तिने सुईणीचे शिक्षणही घेतलेले असते, कारण विमान हवेत असताना बाळ वाट पाहत नाही. देणगीने आरंभ केला. काम पुढे चालवले ते शिकलेल्या माणसांनी.

यंदाच्या वर्षात अनेक ट्रस्ट नव्या रुग्णवाहिकेचा विचार करतील. गाडीची किंमत एकदा मोजायची असते. तिच्यातल्या परिचारिकेचा पगार दरमहा, आणि तिचे शिक्षण तीन-चार वर्षे. त्याच्यावर नावाची पाटी लावता येत नाही, ही दात्याची अडचण समजण्यासारखी आहे. तरी एका मुलीच्या चार वर्षांच्या शिक्षणाचा भार उचलणे एका नव्या गाडीच्या तुलनेत किती, हा हिशेब विश्वस्तांनी एकदा कागदावर मांडून पाहावा. आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांत अभ्यासक्रमाच्या रकान्यात कोणी ‘बी.एस्सी. नर्सिंग’ असे लिहिलेले आढळले, तर समितीने त्या मुलीबरोबर तिच्या आईवडिलांनाही बोलावून घ्यावे, त्यांना बसवावे, आणि त्यांच्या शंका त्यांना संकोच न वाटता मांडू द्याव्यात.